शीर नसलेले पूर्वज : तेओउमाची दफनभूमी

१/ ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस, प्रशांत महासागरात वानुआतू हा बेटांचा देश आहे. तेथील एफाते बेटावर, तेओउमा येथे, २००३ साली कोळंबी-प्रकल्पासाठी माती उपसली जात असताना नक्षीदार खापराचा एक तुकडा वर आला. त्यातून सुमारे ३००० वर्षांपूर्वीची दफनभूमी उजेडात आली.

२/ खापर ‘लापिता’ शैलीचे होते. दातेरी हत्याराने ओल्या मातीवर ठसे उमटवून नक्षी काढणारे हे दर्यावर्दी लोक वानुआतू, फिजी, टोंगा येथे पोहोचले, तेव्हा ती बेटे निर्मनुष्य होती. तेओउमात विसावले आहेत ते या पहिल्या पिढ्यांतील लोक.

३/ मॅथ्यू स्प्रिग्ज आणि स्टुअर्ट बेडफर्ड यांनी वानुआतूच्या सांस्कृतिक केंद्रासह उत्खनन केले. साठांहून अधिक दफने मिळाली. परंतु प्रौढांच्या सांगाड्यांना शिरेच नव्हती!

४/ हा शिरच्छेद नव्हे. देह कुजल्यावर दफन पुन्हा उघडून कवटी काढून घेतली जाई. एका मृताच्या छातीवर तीन कवट्या ठेवलेल्या आढळल्या. एक कवटी मातीच्या भांड्यात होती. पुरले म्हणजे संपले, असे येथे नव्हते. जिवंतांचा मृतांशी व्यवहार पुढेही चालू राही.

५/ हे लोक आले कोठून? वाटेत न्यू गिनीच्या परिसरातील पापुआ वंशीयांत मिसळून, की फारसे न मिसळता थेट? हा वाद दीर्घकाळ चालला.

६/ उष्ण, दमट हवेत प्राचीन डीएनए सहसा टिकत नाही. मात्र कानामागील अतिकठीण अस्थीत तो तग धरतो, आणि ही अस्थी असते कवटीत. मागे राहिलेल्या मोजक्या कवट्यांचे मोल त्यामुळेच मोठे.

७/ २०१६ साली तेओउमातील तीन आणि टोंगातील एका स्त्रीचा डीएनए प्रसिद्ध झाला. त्यात पापुआ वंशाचा अंश जवळजवळ नव्हता. त्यांचे निकटचे आप्त आज तैवान आणि फिलिपिन्समधील मूळ रहिवाशांत आढळतात.

८/ मग आजच्या वानुआतूवासीयांत पापुआ वंशाचा वाटा एवढा मोठा कसा? २०१८ च्या संशोधनांनुसार पहिल्या वस्तीनंतर काही शतकांतच पापुआ वंशाचे लोक तेथे येऊ लागले. वंश बहुतांशी पालटला. भाषा मात्र पहिल्या दर्यावर्दींच्याच कुळातील राहिल्या.

९/ तेओउमाचे महत्त्व येथे आहे. भाषेवरून वंश ठरवू नये आणि वंशावरून भाषा. रक्ताचा वारसा आणि वाणीचा वारसा एकाच नावेतून येतातच असे नाही.