तांबड्या सॉसची खाणावळ

न्यूयॉर्कमधलं जुन्या वळणाचं इटालियन रेस्टॉरंट कसं असतं, हे तिथे कधीही न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतं. टेबलावर लाल-पांढऱ्या चौकडीचं कापड. गवताच्या वेष्टणातली कियांती वाइनची रिकामी बाटली, तिच्या तोंडात खोचलेली मेणबत्ती, बाटलीवरून ओघळून थिजलेलं मेण. भिंतीवर फ्रँक सिनात्राचा फोटो. काळा बो लावलेला वयस्कर वेटर. आणि समोर ढीगभर स्पॅगेटी, वर मुठीएवढे मीटबॉल आणि सगळ्यावर लालभडक टोमॅटो सॉस. हॉलिवूडने हे चित्र इतक्या वेळा दाखवलंय की 'इटालियन जेवण' म्हटलं की आपल्याही डोळ्यांसमोर तेच येतं.

पण नेपल्स किंवा बोलोन्याच्या माणसाला या टेबलावर बसवलं, तर तो गोंधळून जाईल. इटलीत बहुतेक ठिकाणी खिम्याचे गोळे हा वेगळा पदार्थ असतो आणि पास्ता वेगळा. चिकन पार्मेजान तिथल्या मेन्यूवर शोधून सापडणार नाही. लोणी-लसूण फासलेला पाव तर त्याला परकाच वाटेल. मग या जेवणाला 'नकली इटालियन' म्हणून मोकळं व्हायचं का? बरेच लोक तसं म्हणतात. मला मात्र ते पटत नाही. या टेबलावरच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी घडलेलं आहे, आणि ते समजून घेतलं की 'असली' आणि 'नकली' हे शब्दच अपुरे पडायला लागतात.

पोटापासून सुरुवात

१८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन माणसं अमेरिकेत आली. त्यातली बहुसंख्य दक्षिणेकडची होती: सिसिली, कालाब्रिया, कांपानिया. १८६१ साली इटली एक देश झाला, पण दक्षिणेच्या शेतमजुराच्या ताटात त्याने फार फरक पडला नाही. जमीन जमीनदाराची, वर करांचा बोजा. रोजचं खाणं म्हणजे जाडाभरडा पाव, कडधान्यांची उसळवजा आमटी, रानातला पाला, कांदा. मांस सणासुदीला. कितीतरी घरांत गव्हाचा पास्तासुद्धा रोजचा नव्हता. पिकवायचा यांनी आणि खायचा मालकाने.

ही माणसं न्यूयॉर्कच्या मलबेरी स्ट्रीटसारख्या गल्ल्यांत, अंधाऱ्या चाळवजा इमारतींत येऊन राहिली. रस्ते खणणं, भुयारी रेल्वेचे बोगदे काढणं, विटा वाहणं, अशी कामं. मजुरी तुटपुंजी होती, पण तेवढ्यातही एक गोष्ट परवडत होती: मांस. गावाकडे खिम्यापेक्षा पावाचाच चुरा जास्त घालून केलेले छोटे गोळे इथे फुगत गेले. वांग्याच्या कापांवर सॉस आणि चीज घालून केली जाणारी पार्मिजाना होती, तिच्यात वांग्याच्या जागी आधी वासराचं मांस आणि मग चिकन आलं. डबाबंद टोमॅटो बाराही महिने मिळत होते, त्यामुळे सॉसही रोजचा झाला. रविवारी सकाळपासून त्या सॉसमध्ये सॉसेज, डुकराच्या बरगड्या आणि मीटबॉल तासन् तास रटरटत राहायचे. गावी सणाला जे एकदा मिळायचं, ते इथे दर रविवारी मिळू लागलं.

इतिहासकार हासिया डायनर यांनी 'हंगरिंग फॉर अमेरिका' या २००१ च्या पुस्तकात हे नीट उलगडून दाखवलं आहे. अमेरिकेतल्या इटालियनांनी आपल्या खाण्याला जे महत्त्व दिलं, त्याच्या मुळाशी मायदेशातली भूक होती. ताटातला तो ढीग पाहून 'अमेरिकन लोकांना सगळंच मोठं लागतं' असं आपण हसून म्हणतो. पण तो ढीग पहिल्यांदा रचणाऱ्या बाईने कदाचित लहानपणी पावाचे तुकडे मोजलेले होते.

खाणावळ ते रेस्टॉरंट

सुरुवातीला येणाऱ्यांत एकटे पुरुष जास्त होते. काही वर्षं राबायचं, पैसे साठवायचे, परत जायचं, हा बेत. एखादं कुटुंब स्थिरावलेलं असलं की त्या घरची बाई चार-सहा जणांना ठेवून घेई आणि त्यांना जेवू घाली. गिरणगावातल्या खाणावळींच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्या आहेत, त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको. अशाच घरगुती पंगतींतून बरीच रेस्टॉरंट उभी राहिली. लुइझा लिओने या बाईंनी १९०६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशीच छोटी सुरुवात केली. पुढे 'मामा लिओनेज' या नावाने ती जागा इतकी वाढली की तिथे एका वेळी हजाराहून जास्त माणसं जेवत. १९९४ मध्ये ती बंद झाली. ईस्ट हार्लेममधलं 'राओज' १८९६ चं, ब्रुकलिनमधलं 'बामोंतेज' १९०० चं, मॅनहॅटनमधलं 'जॉन्स ऑफ ट्वेल्थ स्ट्रीट' १९०८ चं. ही तिन्ही अजून चालू आहेत.

लसणाची भीती, वाइनची ओढ

आज लाडकं असलेलं हे जेवण तेव्हा बाकीच्या अमेरिकेला नकोसं होतं, आणि ते जेवणारी माणसंही. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्स शहरात जमावाने तुरुंगात घुसून ११ इटालियनांना ठार मारलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वस्त्यांमध्ये फिरणाऱ्या समाजसेविका इटालियन आयांना समजावत, की असं मसालेदार, एकत्र शिजवलेलं अन्न पचायला जड असतं; आयात चीज आणि ऑलिव्ह तेलावर पैसे उधळू नका; दूध प्या. लसणाचा वास हा तर टिंगलीचा हमखास विषय होता.

ही भिंत आधी ओलांडली ती खिशात पैसे नसलेल्या कलाकारांनी. ग्रीनिच व्हिलेजमधले चित्रकार आणि लेखक इटालियन जागांमध्ये जाऊ लागले, कारण ठरलेल्या स्वस्त दरात सूपपासून वाइनपर्यंत सगळं मिळे. त्या वाइनला ते गमतीने 'लाल शाई' म्हणत.

खरी गर्दी आणली ती दारूबंदीने. जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३ अमेरिकेत दारू विकणं गुन्हा होतं. पण कायद्यात एक फट होती: घरच्या वापरासाठी फळांचा रस करायला मोकळीक होती, वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५० लिटरपर्यंत. द्राक्षाचा रस तळघरात ठेवल्यावर त्याचं काय होतं, हे इटालियन कुटुंबांना शिकवायला नको होतं. कॅलिफोर्नियाची द्राक्षं रेल्वेने पेट्या भरभरून पूर्वेकडे येऊ लागली. रेस्टॉरंटात ही घरची वाइन कॉफीच्या कपातून गुपचूप दिली जाई. 'जॉन्स'मध्येही दारूबंदीच्या काळात वरच्या मजल्यावर असा चोरटा बार चाले. लसणाला नाक मुरडणारी मंडळी वाइनसाठी आली आणि स्पॅगेटीची सवय घेऊन परतली. सीझर सॅलडही याच बंदीचं अपत्य. चेझारे कार्दिनी या इटालियनाने ते १९२४ मध्ये सीमेपलीकडे, मेक्सिकोतल्या तिहुआनात केलं असं मानतात. तिथे दारू प्यायला अमेरिकन लोकांची रीघ लागलेली असे.

दोन वाटा

त्याच १९२४ साली अमेरिकेने स्थलांतराचा नवा कायदा केला. आशियातून येणाऱ्यांना, आपल्यासकट, त्याने दार जवळपास बंद केलं. इटलीसाठी वर्षाला फक्त ३,८४५ जणांचा कोटा ठेवला. त्याआधी काही वर्षांत एकेका वर्षी दोन लाखांहून जास्त इटालियन येत होते.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एखाद्या प्रकल्पाची प्रत काढून ती वेगळ्या वाटेने वाढवली की त्याला 'फोर्क' म्हणतात. सुरुवातीला दोन्हीकडचे बदल एकमेकांत मिसळता येतात. ती देवाणघेवाण थांबली की काही वर्षांत दोन्ही इतके वेगळे होतात की एकाला 'मूळ' आणि दुसऱ्याला 'बिघडलेली प्रत' म्हणणं निरर्थक ठरतं. १९२४ नंतर इटालियन स्वयंपाकाचं हेच झालं. गावाकडून ताजी माणसं येणं आटलं आणि न्यूयॉर्कचं स्वयंपाकघर आपल्या वाटेने गेलं.

आणि इटलीही जिथल्या तिथे थांबली नव्हती. आज 'अस्सल रोमन' म्हणून मिरवणाऱ्या कार्बोनारा पास्त्याची नोंद दुसऱ्या महायुद्धाआधी सापडत नाही. आतापर्यंत मिळालेली तिची सर्वांत जुनी छापील पाककृती १९५२ ची आहे, आणि ती शिकागोतल्या एका रेस्टॉरंटची. तिरामिसू तर त्याहून धाकटं. म्हणजे चौकडीच्या कापडाला 'नकली' म्हणून हसणाऱ्याच्या ताटातली कार्बोनारा ही ब्रुकलिनच्या 'बामोंतेज'पेक्षा निदान चाळीस वर्षांनी लहान असते.

शत्रूच्या देशातला बाप

१९४१ च्या उन्हाळ्यात बेसबॉलपटू जो डिमॅजिओने सलग ५६ सामन्यांत हिट मारण्याचा विक्रम केला. तो अमेरिकेचा हिरो होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिशरमन्स वॉर्फवर त्याच्या नावाचं रेस्टॉरंट होतं. त्याचे वडील ज्युझेप्पे हे सिसिलीहून आलेले कोळी. त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं नव्हतं. डिसेंबरमध्ये इटलीशी युद्ध सुरू झालं, आणि नागरिक नसलेले सुमारे सहा लाख इटालियन एका फटक्यात 'शत्रू परकीय' ठरले. परवानगीशिवाय घरापासून पाच मैलांपलीकडे जायचं नाही, कॅमेरा आणि शॉर्टवेव्ह रेडिओ बाळगायचा नाही. ज्युझेप्पेंना मासेमारी बंद झाली आणि वॉर्फवर पाऊल ठेवायलाही मनाई झाली. मुलाच्या पाटीखाली देश जेवत होता, बाप तिथे जाऊ शकत नव्हता. १२ ऑक्टोबर १९४२ ला, कोलंबस दिनी, हा शिक्का पुसला गेला.

त्याच युद्धात अमेरिकन सैनिक डब्यातली स्पॅगेटी खात होते. क्लीव्हलंडमधल्या एका रेस्टॉरंटचे मालक एत्तोरे बोइआर्दी यांचा सॉस गिऱ्हाईक दुधाच्या बाटल्यांतून घरी नेत. त्यातून त्यांचा कारखाना उभा राहिला. अमेरिकनांना आडनाव उच्चारता यावं म्हणून डब्यावर 'शेफ बोयार्डी' असं नाव सुटंसुटं करून छापलं. पदार्थ देशात शिरला होता. माणसाला मात्र नावाची मोडतोड करून आत यावं लागलं.

पुन्हा टेबलापाशी

१९७० च्या दशकात हवा बदलली. उत्तर इटलीच्या मार्चेल्ला हाझान यांचं पाककृतींचं पुस्तक १९७३ मध्ये आलं. खाणाऱ्यांना रिसोट्टो कळू लागला आणि तांबडा सॉस गावंढळ ठरला. १९९६ च्या 'बिग नाइट' या सिनेमात ही ओढाताण सुंदर दिसते. दोन भाऊ जीव ओतून रिसोट्टो करतात आणि गिऱ्हाईक विचारतं, सोबत स्पॅगेटी नाही का? थोरला भाऊ चिडतो. आपणही त्याच्या बाजूने असतो. पण त्या गिऱ्हाईकाने जे मागितलं, त्यालाही तोवर अर्धशतकाचा इतिहास होता, हे लक्षात येत नाही.

आता तो सॉस परत फॅशनमध्ये आलाय, चांगलाच महागून. १९२२ पासून चाललेल्या 'रोक्को' नावाच्या रेस्टॉरंटच्या जागी २०१३ मध्ये 'कार्बोने' उघडलं. तिथे जुन्या पद्धतीचं सगळं नाट्य आहे, आणि टेबल मिळवणं हीच प्रतिष्ठा. 'राओज'मध्ये जेमतेम दहा टेबलं, तीही वर्षानुवर्षं ठरलेल्या मंडळींची. त्या नावाचा बाटलीतला सॉस बनवणारी कंपनी २०२४ मध्ये कॅम्पबेल्सने सुमारे २.७ अब्ज डॉलरला घेतली.

आणि तरी एखाद्या साध्या जुन्या जागी अजून तसंच वाढलं जातं. ताट संपता संपत नाही. वेटर न विचारता उरलेलं डब्यात भरून देतो. टाकून द्यायचं ही पद्धत तिथे नाही.