घाण्याच्या बैलाचा शनिवार

कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, तेली वारावरून ओळखले जात. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे शनवार तेली. हे शनवार तेली म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. अलिबाग, रेवदंडा, पेण या पट्ट्यात ते पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत राहिले, गावांवरून आडनावं घेतली, हिब्रू विसरले. धर्मग्रंथ हाताशी नव्हता. शेमा ही प्रार्थना, सुंता, बिनखवल्यांचा मासा न खाणं आणि शनिवार, एवढं मात्र टिकलं. त्यांचं पहिलं सभास्थान मुंबईत 1796 साली उभं राहिलं. त्याआधी नियमाचा कीस पाडणारा शास्त्री त्यांच्यात नव्हता, तरी शनिवारी घाणा थांबत होता.

आणि घाणा थांबला की बैल सुटत होता. मला या सगळ्या इतिहासात तो बैल फार मोलाचा वाटतो. दहा आज्ञा बायबलात दोन ठिकाणी येतात आणि शब्बाथाचं, म्हणजे सातव्या दिवसाच्या विसाव्याचं, कारण दोन्हीकडे वेगळं दिलं आहे. निर्गमाच्या पुस्तकात कारण आहे सृष्टीचं: देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पुस्तकात मात्र आठवण करून दिली आहे ती दास्याची: तुम्ही मिसरात गुलाम होता, तिथून तुम्हांला सोडवलं. म्हणून दासाने, दासीने, परक्याने, बैलाने आणि गाढवानेही त्या दिवशी विसावायचं. ज्यांना स्वतःहून ‘आज काम करत नाही’ म्हणता येत नाही, त्यांची नावं घेऊन ही आज्ञा दिली आहे.

मी उमरठचा, तानाजी मालुसऱ्यांच्या गावचा. घर वारकरी. आजोबा सोमवारी जोत धरत नसत. पाऊस लागला, चिखलणी खोळंबली, तरी सोमवार म्हणजे बैलांचा. त्यामुळे पुढे शिक्षकी करताना बायबल वाचलं तेव्हा ही आज्ञा मला परकी वाटली नाही.

आमच्या पोलादपूर-महाडवरून वाहणारी सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते. त्या बाणकोटला 1823 साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीने काम सुरू केलं. पहिले आलेले डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारले, पण मागून इतर आले, बाणकोट-हर्णै भागात शाळा निघाल्या. ही माणसं ज्या चर्चमधून आली त्याचा रविवार फार कडक होता. सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रात लिहून ठेवलं होतं की त्या दिवशी नेहमीचं काम तर सोडायचंच, पण कामाचं बोलणं, कामाचा विचार आणि करमणूकही सोडायची. सूट फक्त दोन गोष्टींना: निकडीचं काम आणि दयेचं काम. पुण्यकर्मांनी तारण होत नाही, ते केवळ देवाच्या कृपेने मिळतं, असा उपदेश करणाऱ्यांनीच आठवड्यातला एक दिवस असा नियमांनी आवळून ठेवला होता. त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे, पण हा ताण त्यांच्या धर्मात होता हे नाकारता येत नाही.

त्यांच्यातलेच जॉन विल्सन 1829 साली मुंबईत आले. बेने इस्राएलांसाठी त्यांनी 1832 साली हिब्रूचं व्याकरण मराठीत काढलं. रविवार पाळणाऱ्या स्कॉटिश पाद्र्याने शनिवार पाळणाऱ्या कोकणी तेल्यांना त्यांच्या विसरलेल्या ग्रंथाची भाषा मराठीतून शिकवावी, असा योग इतिहासात क्वचित येतो.

येशूचा शब्बाथावरचा वादही बैलाशी येऊनच थांबतो. अठरा वर्षं पाठीत वाकलेल्या बाईला त्याने शब्बाथाच्या दिवशी बरं केलं, तेव्हा सभास्थानाचा अधिकारी रागावला. येशूने त्याला विचारलं, तुम्ही आपला बैल शब्बाथाला सोडून पाण्यावर नेत नाही का? मग या बाईला तिच्या बंधनातून सोडवू नये का? पौलाने पुढे सणावारांवरून आणि शब्बाथावरून एकमेकांचा न्याय करू नका असं लिहिलं. आमच्यात एकादशी पाळणारे आणि दुसऱ्याची एकादशी मोजणारे असे दोघे असतात. त्यातला फरक वारकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

पण नियम नको, कृपा पुरे, असं म्हणून मला थांबता येत नाही, कारण माझे वडील परळला गिरणीत होते. मुंबईच्या गिरण्यांत आधी रविवारची हक्काची सुट्टी नव्हती. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या, त्याही फक्त मुलांना. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक पुढाऱ्याने 1884 साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. त्यातली मुख्य मागणी होती रविवारची सुट्टी. रविवार खंडोबाचा वार, हे त्यांनी कामगारांच्या वतीने मांडल्याचं आजही सांगितलं जातं. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगार जमले, बायकांनीही भाषणं केली आणि 10 जूनला मालकांनी सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने ती पक्की झाली.

मालकाच्या दयेवर कितीही वर्षं वाट पाहूनही जे मिळालं नसतं, ते संघटनेने आणि कायद्याने दिलं. त्या सुट्टीवरच वडिलांच्या पिढीची गावकी उभी राहिली: रविवारी गाळ्यात बैठक, वर्गणी, भजन, गावच्या शाळेच्या पत्र्यांचा हिशोब. थकलेल्या माणसापर्यंत कृपा पोचायची तर तिला नियमाची वाट लागते, असं माझं ठाम मत आहे. नियम जाचक होतो तो त्यातला थकलेला माणूस विसरला गेला की.

महाराष्ट्रात 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानं सातही दिवस उघडी ठेवायची मुभा दिली आणि कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी बंधनकारक केली. आता रविवारी उमरठला तानाजींच्या समाधीच्या दर्शनाला गाड्या येतात, पोलादपूरच्या महामार्गावरची हॉटेलं भरतात. पण 2017 साली सुट्टीचं हे कलम दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांनाच लागू केलं गेलं आणि टपरीवर चहा देणारा पोरगा बहुधा एकटाच असतो.