दिवाडी ते नार्वे

जुन्या गोव्यात बाईक फेरीबोटीत चढवली की काही मिनिटांत दिवाडी बेट. भातशेती, बगळे, आणि शनिवार असूनही रस्त्यावर चिटपाखरू नाही!

मला मात्र सप्तकोटीश्वराचा माग काढायचा होता. कदंब राजांचा हा देव मूळचा इथला. बहामनी काळात देऊळ पडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने परत बांधलं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी परत पाडलं. मग लिंग नदीपार नार्व्याला गेलं. कसं नेलं असेल हो? रात्री, होडीतून?

मी दुसरी फेरी पकडून पलीकडे गेलो. नार्व्याच्या देवळावर शिलालेख आहे: शके १५९०, म्हणजे १६६८, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने काम सुरू. समोरचं दिवाडी तेव्हाही पोर्तुगीजांकडेच होतं.