मैदान मिळाले, नेतृत्व कधी मिळाले?

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलविषयी वाचताना १५ एप्रिल १९४७ ही तारीख हमखास भेटते. त्या दिवशी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मेजर लीगमधली वर्णबंदी मोडली. घटना मोठीच होती. पण मला पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. कृष्णवर्णीयांना खेळायला मिळाले, पण संघ चालवायला कधी मिळाले?

त्यांच्यात नेतृत्वाची वानवा होती, असे इतिहास सांगत नाही. रूब फॉस्टर याने १९२० साली कॅन्सस सिटीत संघमालकांची बैठक बोलावून निग्रो नॅशनल लीग उभी केली. खेळाडू, मॅनेजर, संघमालक आणि लीगचा अध्यक्ष ही सगळी कामे या एका माणसाने केली. त्याच वर्षी गोऱ्या संघमालकांनी, १९१९च्या अंतिम मालिकेतल्या लाचप्रकरणानंतर, न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांना कमिशनर नेमले. लँडिस १९४४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर होते आणि वर्णबंदीही तोवर कायम होती.

बंदी उठली तेव्हा गोऱ्या संघांनी निवडक खेळाडू उचलले. डॉजर्सच्या ब्रँच रिकी यांनी रॉबिन्सनसाठी त्याच्या कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघाला एक पैसाही दिला नाही. न्यूअर्क ईगल्सच्या सहमालक एफा मॅनली यांनी मात्र लॅरी डोबीला सोडताना क्लीव्हलंडकडून मोबदला घेतलाच. खेळाडूंपाठोपाठ प्रेक्षक गेले आणि १९४८च्या हंगामानंतर तेव्हाची निग्रो नॅशनल लीग बंद पडली. अशा संघांबरोबर कृष्णवर्णीय मॅनेजर आणि मालक यांच्या जागाही संपत गेल्या. मोनार्क्सचे मॅनेजर राहिलेले बक ओ'नील १९६२ साली शिकागो कब्जमध्ये मेजर लीगचे पहिले कृष्णवर्णीय कोच झाले, पण तिथे मॅनेजरपद त्यांना कधीच मिळाले नाही.

बेसबॉलमधला मॅनेजर कारकून नव्हे. कोण खेळणार, कोणत्या क्रमाने खेळणार, चेंडू टाकणारा केव्हा बदलायचा, हे तो ठरवतो. ऑक्टोबर १९७२ मध्ये अंतिम मालिकेच्या वेळी रॉबिन्सनचा सत्कार झाला, तेव्हा त्याने जाहीरपणे सांगितले की मॅनेजरच्या जागी कृष्णवर्णीय माणूस पाहायची आपली इच्छा आहे. नऊ दिवसांनी तो वारला.

८ एप्रिल १९७५ रोजी फ्रँक रॉबिन्सन क्लीव्हलंडचा मॅनेजर म्हणून उतरला, मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर. तो स्वतः खेळतही होता. पहिल्याच फटकेबाजीत त्याने होम रन मारला आणि संघ जिंकला.

१९४७ ते १९७५ म्हणजे अठ्ठावीस वर्षे. एवढ्या काळात एका खेळाडूची कारकीर्द सुरू होऊन संपते आणि तो मॅनेजर होण्याच्या वयालाही पोहोचतो. म्हणून एखाद्या समाजाला दार उघडले असे कोणी सांगितले, की मी एवढेच विचारतो: आत गेल्यावर निर्णय कोण घेतो?