कामिनो पदयात्रा : डोंगरातील पर्यायी वाटा

स्पेनमधील सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथील महामंदिरात प्रेषित संत याकोब यांची कबर आहे, अशी ख्रिस्तसभेत पूर्वापार श्रद्धा आहे. तेथे जाणाऱ्या पायवाटांना कामिनो म्हणतात. त्यांपैकी ‘फ्रेंच वाट’ सर्वाधिक वर्दळीची. फ्रान्समधील सेंट-जाँ-पिए-द-पोर येथून ती निघते व सुमारे ७८० कि.मी.चे अंतर कापते. मात्र ही वाट एकच एक नाही. डोंगर आला की तिला फाटे फुटतात, आणि कोणता फाटा धरावा हा प्रश्न कधीकधी जिवावर बेततो.

पहिला फाटा पहिल्याच दिवशी लागतो. पिरेनीज पर्वत ओलांडून रोन्सेस्वायेसच्या मठाकडे जाण्यास दोन मार्ग आहेत. ‘नेपोलियन मार्ग’ उघड्या माथ्यावरून सुमारे १,४३० मीटर उंचीवर चढतो. दुसरा वालकार्लोसच्या दरीतून, इबान्येता या १,०५७ मीटरच्या खिंडीने जातो. मध्ययुगात दरीतील झाडीत लुटारूंचे भय असे, म्हणून यात्रेकरू उंचावरची वाट पत्करीत. आज भय उलट्या बाजूस आहे. माथ्यावर धुके व हिमवादळ अचानक येते आणि वाट दिसेनाशी होते. या चढणीवर यात्रेकरूंनी प्राण गमावले आहेत. म्हणून नावार्रा प्रांताच्या शासनाने १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात स्पेनच्या बाजूचा हा मार्ग बंद ठेवण्याचा नियम केला आहे. तो मोडणाऱ्यास दंड होऊ शकतो. तरीही ‘खरी यात्रा माथ्यावरचीच’ असा हट्ट काही जण धरतात. त्यास इतिहासाचा आधार नाही. वालकार्लोस म्हणजे चार्ल्सची दरी. सम्राट शार्लमेनचे नाव मिरविणारी ही वाटही जुनीच आहे.

लेओन शहरातून उत्तरेस ‘साल्वादोरची वाट’ फुटते. १,३७८ मीटर उंचीच्या पाहारेस खिंडीच्या परिसरातून डोंगररांग ओलांडून ती सुमारे १२० कि.मी.वर ओव्हिएदोस पोहोचते. तेथील महामंदिर तारणाऱ्या प्रभूस अर्पिलेले आहे. प्रभूस न भेटता सान्तियागोस जाणारा, धन्यास सोडून चाकरास भेटतो, अशा अर्थाची म्हण तिकडे प्रचलित आहे.

ओव्हिएदोहून पुढे ‘आद्य वाट’ सुरू होते. अस्तुरियासचा राजा दुसरा आल्फोन्सो (कारकीर्द ७९१-८४२) याच वाटेने कबरीच्या दर्शनास गेला, असे परंपरा सांगते. सुमारे ३२० कि.मी.ची ही वाट मेलिदे येथे फ्रेंच वाटेस मिळते. बोरेस गावानंतर तिलाही फाटा आहे. उजवीकडची वाट डोंगरमाथ्यावरील जुन्या यात्रेकरू-धर्मशाळांच्या भग्नावशेषांतून जाते. दृश्य विलोभनीय आहे. पण वाटेत गाव, दुकान वा निवारा नाही. अन्न-पाणी बरोबर घ्यावे लागते. निवाऱ्यासाठी बांधलेल्या त्या भिंती आज पडक्या आहेत, हे माथ्याकडे निघताना ध्यानी असावे. धुके असल्यास पोला दे आयान्देवरून वळसा घेऊन १,१४६ मीटरची पालो खिंड चढणे हेच शहाणपणाचे.

शेवटचा मोठा चढ ओ सेब्रेइरोचा, सुमारे १,३०० मीटरचा. कामिनोवरील सुपरिचित पिवळे बाण १९८० च्या दशकात रंगविण्यास आरंभ केला तो याच गावचे धर्मगुरू फादर एलियास वालिन्या (१९२९-१९८९) यांनी. एका खेड्यातील धर्मगुरूचे हे काम आज लाखो पावलांना दिशा देते. येथे हिवाळ्यात बर्फ साचते. ते टाळण्यासाठी पोन्फेर्रादाहून सिल नदीच्या खोऱ्यातून ‘हिवाळी वाट’ जाते. लांबी सुमारे २६३ कि.मी., म्हणजे फ्रेंच वाटेपेक्षा बरीच अधिक. रोमनांच्या सोन्याच्या खाणींचे लास मेदुलास हे स्थळ तिच्यावरच आहे. २०१६ साली तिला अधिकृत मान्यता मिळाली. मोन्फोर्ते दे लेमोस येथे रेल्वेने उतरून ही वाट धरता येते. तेथून सान्तियागो १०० कि.मी.हून दूर असल्याने पायी गेलेल्यास यात्रेचे प्रमाणपत्रही मिळू शकते.