गाठीत शिरलेल्या पेशी

आमच्या नात्यातल्या एकाच्या फुप्फुसाच्या गाठीचा तपासणी अहवाल आला. "गाठीत लिम्फोसाइट पेशी शिरलेल्या दिसतात" हे वाक्य वाचून घरचे घाबरले. "बाई, हे आणखी काय शिरलं?" मी बी.ए.वाली मास्तरीण, डॉक्टर नव्हे. पण हे शिरणं शत्रूचं नव्हे, शरीराच्या रक्षकांचं, एवढं मला ठाऊक होतं. त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

१८६३ साली जर्मनीत रुडॉल्फ फिर्शो यांनी कर्करोगाच्या गाठींत पांढऱ्या पेशी पाहिल्या. सततच्या दाहातून कर्करोग उपजतो, असं त्यांनी मांडलं. ते अगदीच चूक नव्हतं, पण पहारेकरी संशयितांच्या रांगेत उभा राहिला तो राहिलाच! १९८८ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी त्वचेच्या कर्करोगाच्या गाठी काढून त्यांतल्या याच पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि पुन्हा रोग्यांच्या शिरेतून सोडल्या. काहींच्या गाठी आक्रसल्या. फुप्फुसासाठी हाच प्रयोग फ्लोरिडातल्या टॅम्पाला झाला; २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १६ जणांना पेशी दिल्या होत्या, त्यांतल्या दोघांचा रोग दिसेनासा झाला आणि दीड वर्षानंतरही परतला नव्हता. दोघंच, पण विचार करायला लावणारे.

मग इतरांच्या पेशी गाठीपर्यंत पोचूनही गप्प का बसतात? त्यांना ब्रेक असतो आणि गाठ तोच दाबून धरते. पीडी-१ नावाचा हा ब्रेक १९९२ मध्ये जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडला. २०१८ चं नोबेल त्यांना जेम्स ॲलिसन यांच्यासोबत मिळालं. ब्रेक सोडवणारं निव्होलुमॅब २०१५ पासून अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगावर वापरात आलं. औषध आलं, पण किंमत ऐकून वऱ्हाडातला माणूस वावर विकायचा विचार करतो. तेही एखादं एकर पुरत नाही.

म्हणून मला मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचं काम सगळ्यात मोलाचं वाटतं. तिथल्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या (आमच्याकडच्या खर्ऱ्याची कृपा!) बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांवर चाचणी केली. निम्म्यांना गोळ्यांच्या उपचारासोबत निव्होलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम दिलं, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. २०२२ मध्ये निष्कर्ष आले: वर्षानंतर नुसत्या गोळ्यांवरचे शंभरात १६ हयात, औषध मिळालेले ४३. फुप्फुसाची गाठ वेगळी, हा आकडा तिला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण कमी मात्रेत भागतं का, हा प्रश्न औषध बनवणारी कंपनी आपणहून कशाला विचारील?