पाव आण्याचे कार्ड आणि सातचा भोंगा

हल्ली नातीगोती विरळ होण्याचा सारा दोष मोबाइलच्या माथी मारण्याची रीत पडली आहे. या आरोपाचा निवाडा करण्यापूर्वी, दूरच्या माणसाशी बोलण्याची आपली साधने कशी बदलत गेली हे पाहणे इष्ट होय.

1 जुलै 1879 रोजी हिंदुस्थानात पोस्टकार्ड निघाले. किंमत पाव आणा. गरिबासही आप्तांची खुशाली मागविणे परवडू लागले. मात्र रिठदसारख्या वऱ्हाडी खेड्यात (हे गाव आज वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात मोडते) आलेले कार्ड एकट्याचे नसे. ते पोस्टमनने वा शाळामास्तरांनी वाचावे आणि साऱ्या ओसरीने ऐकावे. नवऱ्यास बायकोशी दोन शब्द बोलावयाचे झाले, तर तेही वडीलधाऱ्यांना घातलेल्या दंडवताच्या आडोशानेच. पत्रयुगाचे गोडवे गाणारे ही कोंडी सोयीस्करपणे विसरतात.

पत्राने काय साधते आणि काय बिघडते, याचा बोलका दाखला म्हणजे आनंदीबाई जोशी यांचे चरित्र. पती गोपाळराव हे टपाल खात्यातलेच नोकर. पत्नीच्या शिक्षणासंबंधी त्यांनी लिहिलेले पत्र एका अमेरिकन मिशनरी मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांनी ते दंतवैद्याकडे खोळंबून बसल्या असता वाचले आणि आपण होऊन पत्र धाडले. त्यातून असा जिव्हाळा जडला की, तोंडही न पाहिलेली ही परकी बाई आनंदीबाईंची मावशी झाली. 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई जूनमध्ये अमेरिकेत उतरल्या, त्या याच मावशीच्या घरी राहावयास गेल्या. अनोळखी माणसांशी यंत्रावरून जुळणारी मैत्री खोटीच असते, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

आता दुसरी बाजू. त्याच टपालाने गोपाळरावांची संशयाची व कठोर बोलण्याची पत्रेही समुद्रापार जात. घरात उच्चारलेला कडू शब्द संध्याकाळपर्यंत निवळतो. कागदावरचा शब्द आठवडेच्या आठवडे बोटीतून प्रवास करून, लिहिणाराचा राग कदाचित ओसरल्यावर, वाचणारीच्या हाती पडे. तिचे उत्तर पोहोचेतो आणखी तितकाच काळ जाई. 11 मार्च 1886 रोजी त्या डॉक्टर झाल्या. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी मात्र कार्पेंटर मावशींकडे गेल्या व त्या कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. विलंबाने विचार परिपक्व होतो खरा. पण जखमही तितकीच मुरते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 31 जुलै 1995 रोजी भारतात मोबाइलवरील पहिले संभाषण झाले. त्या काळी आलेल्या फोनाचेही पैसे पडत. 2003 साली ते थांबले, आणि ‘मिस्ड कॉल’ ही आपल्या काटकसरी बुद्धीची करामत सर्वत्र फैलावली. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले व यंत्र माणसागणिक झाले. खरा पालट मला येथे दिसतो. कार्ड घराचे होते, पूर्वीचा टेलिफोनही दिवाणखान्याचा होता. मोबाइल एकेकट्याचा आहे. सुनेला मिळालेला हा एकांत मी थोर लाभ मानतो. पण एका ओसरीवरची चार माणसे चार दिशांना गेली, हेही त्याच एकांताचे फळ. शिवाय 2014 मध्ये व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या. निरोप वाचला गेल्याचे कळू लागताच उत्तर न येण्याला अर्थ चिकटला. पूर्वी तो दोष टपालावर ढकलता येत असे.

यावर महाराष्ट्रातील दोन गावांनी उपाय योजले. वाशीमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील बान्सीने नोव्हेंबर 2022 मध्ये अठरा वर्षांखालील मुलांस मोबाइलबंदीचा ठराव केला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठरले की, सायंकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजताच सर्वांनी दूरदर्शन व मोबाइल दीड तास बंद ठेवावे. मला वडगावचा मार्ग अधिक न्याय्य वाटतो. त्यात वडीलही बांधले जातात. मुलांना बंदी घालून आपण पडद्याला डोळे लावून बसणाऱ्या बापाचा अधिकार तो किती! तथापि रिठदसारख्या गावाने हा नियम घेतला, तर ज्या घरचा मुलगा पुण्यास नोकरीला आहे व दमून सातलाच खोलीवर येतो, त्या आईने त्याला साडेआठनंतरची वेळ आधीच सांगून ठेवावी लागेल.